फिनिक्सला राहायला जाताय? घर फेब्रुवारीत बघा, पण जुलैच्या हिशेबाने

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला येणारी बरीच मराठी कुटुंबं चिप उद्योगामुळे येतात. चँडलरला इंटेल आहे, उत्तर फिनिक्सला तैवानच्या टीएसएमसीचा नवा कारखाना आहे, आणि दोन्हींच्या भोवती पुरवठादारांचं जाळं आहे. मुलाखत किंवा घरशोध जानेवारी-फेब्रुवारीत होतो. तेव्हा दुपारी विशीतलं (सेल्सिअस) तापमान, निरभ्र आकाश आणि संत्र्यांनी लगडलेली झाडं दिसतात. त्या हवेत पाहिलेलं कुठलंही घर छान वाटतं. खरी परीक्षा जुलैत संध्याकाळी पाच वाजता असते, म्हणून घर, गाडी, कामाचा रस्ता आणि विजेचा प्लॅन सगळं त्याच वेळेचा विचार करून निवडा.

आधी आकडे. शहर सोनोरन वाळवंटात आहे आणि वर्षाचा पाऊस सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास. मे अखेरपासून सप्टेंबर अखेरपर्यंत कमाल तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या (३८ सेल्सिअस) वर राहणं नेहमीचं आहे. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० (४३ सेल्सिअस) किंवा त्याहून वर होता. आजवरचा उच्चांक १२२ अंश, म्हणजे ५० सेल्सिअस, २६ जून १९९० चा. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला दिवसाच्या आकड्यांचं नवल वाटणार नाही, पण दोन फरक त्यालाही जड जातात. एक, विदर्भात जूनच्या मध्याला पावसाने सुटका होते, इथे तेव्हा उन्हाळा नुकता भरात येतो. दुसरा, रात्र. काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत राहतात. १९ जुलै २०२३ ला किमान तापमानच ९७ अंश (३६ सेल्सिअस) होतं. शरीराला आणि भिंतींना थंड व्हायला वेळच मिळत नाही.

कधी यायचं आणि ट्रकमध्ये काय ठेवायचं नाही

तारीख तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत या. अंगाला हवा मानवायला वेळ मिळतो आणि एसी, गाडी, पडदे यांची कामं उन्हाळ्याआधी उरकता येतात. जून ते सप्टेंबरमध्ये यावंच लागलं, तर सामान पहाटे पाचला उतरवायला सुरुवात करा आणि दहाच्या आत संपवा. वीज जोडणी घरात शिरण्याच्या किमान एक दिवस आधीची घ्या आणि घरमालकाला आदल्या दिवशीच एसी ८० अंश फॅरनहाइटवर (२७ सेल्सिअस; पुढचे अंशही फॅरनहाइटच) लावून ठेवायला सांगा. बंद पडून तापलेलं घर दोन तासांत थंड होत नाही. हवा गार होते, पण भिंती, फरशी आणि गाद्या कित्येक तास उष्णता ओकत राहतात.

ट्रकच्या बंद डब्यात औषधं, मेणबत्त्या, स्प्रेचे डबे, बॅटऱ्या, पॉवर बँक आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या ठेवू नका. वाद्यं तर नकोतच. जूनमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या खाली जाते. तबल्याची पुडी आवळली जाते, स्वर चढतो आणि कडेला चीर पडू शकते. तंबोऱ्याचा भोपळा आणि हार्मोनियमचं लाकूड तडकतं. वाद्यं स्वतःच्या गाडीतून आणा, वादीचा ताण थोडा कमी करून ठेवा, आणि घरात एसीच्या झोतापासून दूर, आर्द्रता राखणाऱ्या पाकिटांसह पेटीत ठेवा. गॅरेजमध्ये कधीच नको.

ऑफिसच्या पूर्वेला राहा

हा सल्ला फार कमी लोक देतात, पण रोज उपयोगी पडतो. सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत दोन्ही वेळा ऊन असतं. इथले मुख्य रस्ते सरळ पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण आखलेले आहेत, त्यामुळे सूर्य थेट काचेत येतो. कामाच्या पूर्वेला राहिलात तर जाता-येता दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहतं. इंटेलच्या चँडलरमधल्या ओकोटिलो आवारासाठी गिल्बर्ट पूर्वेला पडतं. टीएसएमसीसाठी डेझर्ट रिज आणि उत्तर स्कॉट्सडेल पूर्वेला, तर पिओरिया पश्चिमेला. शाळा आणि भाडं यांचा विचार आधी होणारच, पण दोन घरं तोडीस तोड असतील तर हा निकष लावा.

गाडीशिवाय राहायचा विचार असेल तर टेंपी किंवा मध्य फिनिक्समध्ये लाइट रेलच्या थांब्यापासून पाच मिनिटांच्या आत घर घ्या. नकाशावर पंधरा मिनिटं दिसणारी चाल जुलैच्या दुपारी झेपणारी नसते.

घराची दिशा: दारापेक्षा मागची काच पाहा

पूर्वेचं दार शुभ, असं आपल्याकडे मानतात आणि अनेकजण तसंच घर शोधतात. इथल्या वसाहतींतल्या घरांची रचना मात्र अशी असते की दर्शनी बाजूला दार आणि गॅरेज, तर मोठ्या काचा, बैठकीची खोली आणि अंगण मागे. म्हणजे पूर्वेला दार असलेल्या घराच्या सगळ्या मोठ्या काचा पश्चिमेला येतात. दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत (जूनमध्ये पावणेआठच्या आसपास) ऊन थेट आत. हे ऊन खालून तिरपं येत असल्याने छज्जाचा उपयोग होत नाही.

दक्षिणेला दार आणि उत्तरेला अंगण असलेलं घर उन्हाळ्यात सगळ्यात सुखाचं. उत्तरेला दार आणि दक्षिणेला अंगण हेही चांगलं, कारण जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेची काच साध्या छज्जाने झाकली जाते. हिवाळ्यात तोच सूर्य खाली उतरून घर उबदार करतो. दिशा फोनच्या होकायंत्रावर स्वतः तपासा. वास्तूचा आग्रह असेल तर पूर्वेच्या दाराचं घर घ्या, पण पश्चिमेच्या काचांना बाहेरून ८०-९० टक्के ऊन अडवणारी जाळी बसवण्याचा खर्च धरून चाला. आतल्या पडद्याने उजेड कमी होतो, उष्णता मात्र काच ओलांडून आत आलेली असते. बाहेरची जाळी ती काचेआधीच थांबवते.

दुमजली घरात वरचा मजला कायम जास्त तापतो. वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र एसी किंवा निदान स्वतंत्र थर्मोस्टॅट आहे का, ते विचारा. नसेल तर वरच्या खोल्या थंड करण्याच्या नादात खालचा मजला गारठतो आणि बिल फुगतं.

एसी कसा तपासायचा

या शहरात एसी म्हणजे जीव वाचवणारी वस्तू. मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात आहे तिथे, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यातले बरेचसे बाहेर, रस्त्यावर झाले, पण घरात दगावलेल्यांच्या बाबतीत एसी असूनही बंद पडलेला किंवा चालवलेला नाही, ही गोष्ट वारंवार आढळते. म्हणून घर पाहताना ही तपासणी टाळू नका, भाड्याचं असलं तरी.

१. बाहेरच्या किंवा छतावरच्या यंत्रावरची पट्टी वाचा आणि उत्पादनाचं वर्ष टिपून घ्या. इथल्या उष्णतेत यंत्र १० ते १५ वर्षं टिकतं. त्यापेक्षा जुनं असेल, आणि त्यात आर-२२ वायू असेल, तर सावध व्हा. त्या वायूचं उत्पादन अमेरिकेत २०२० पासून बंद आहे आणि गळती झाली तर भरणं महाग पडतं.

२. दुपारी, बाहेर ७० अंशांच्या वर असताना, थर्मोस्टॅट थंडाव्यावर ठेवून १५-२० मिनिटं चालू द्या. स्वयंपाकघरातला साधा तापमापक घेऊन हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीपाशी आणि थंड हवा सोडणाऱ्या जाळीपाशी तापमान मोजा. फरक १५ ते २० अंश फॅरनहाइट असायला हवा. १२-१३ च असेल तर वायू कमी आहे, कॉइल मळली आहे किंवा माळ्यावरच्या नळ्या फुटल्या आहेत.

३. फिल्टर काढून पाहा. काळा, वाकलेला फिल्टर म्हणजे देखभाल झालेली नाही. त्यावरचं माप फोनमध्ये टिपून ठेवा.

४. सगळ्यात लांबच्या खोलीच्या जाळीवर हात धरा. तिथे झोत मंद असेल तर जुलैत त्या खोलीत झोपता येणार नाही.

राहायला गेल्यावर फिल्टर मे ते सप्टेंबर दर महिन्याला बदला, कारण धुळीने फिल्टर तुंबला की कॉइलवर बर्फ जमतो आणि थंड हवा येणंच बंद होतं. तसं झालं तर थंडावा बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या आणि नवा फिल्टर घाला. पाणी बाहेर सोडणारी नळी शेवाळाने तुंबते. ती मार्च-एप्रिलच्या सर्व्हिसिंगमध्ये साफ करून घ्या. सर्व्हिसिंग तेव्हाच करा, जुलैत माणूस मिळायला दिवसचे दिवस लागू शकतात.

एसी अचानक बंद पडला तर क्रमाने पाहा: थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, ब्रेकर (एकदाच परत चालू करा, पुन्हा पडला तर हात लावू नका), फिल्टर, मग पाणी साठल्यावर यंत्र बंद करणारा छोटा तरंगता स्विच. बाहेरचं यंत्र नुसतं गुणगुणतंय आणि पंखा फिरत नाही, असं दिसलं तर बहुधा कपॅसिटर गेला आहे. तो तुलनेने स्वस्त भाग आहे आणि उष्णतेने सर्वात आधी तोच जातो. यंत्र लगेच बंद करा, नाहीतर त्याच्या पायी काँप्रेसर जळतो. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार साठलेला असतो, त्यामुळे तो स्वतः उघडू नका.

एक गोष्ट बिघाड समजू नका: बाहेर ११५ अंशांच्या वर असताना एसी न थांबता चालणं आणि घर लावलेल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश वर जाणं. बहुतेक यंत्रं ११० च्या आसपासच्या तापमानासाठी निवडलेली असतात. त्यापुढे थर्मोस्टॅट ७० वर नेऊनही काही होत नाही.

जुन्या घरांत अजून पाण्यावर चालणारे कूलर दिसतात. आपल्याकडच्या वाळ्याच्या कूलरचंच हे भावंड. मे-जूनच्या कोरड्या हवेत ते उत्तम आणि स्वस्त. जुलैत दमट हवा आली की त्यांचा उपयोग संपतो. फक्त कूलर असलेलं घर घेऊ नका.

विजेचं बिल

वीज एसआरपी किंवा एपीएस या दोन वीजकंपन्यांपैकी कोण देणार ते पत्त्यावरून ठरतं, तुम्हाला निवडता येत नाही. निवडता येतो तो प्लॅन. वेळेनुसार दर असलेल्या प्लॅनमध्ये संध्याकाळची वीज महाग असते. एपीएसकडे सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ७. एसआरपीकडे प्लॅनगणिक तास वेगळे आहेत, जोडणी घेताना नीट विचारून घ्या. पद्धत अशी: दुपारी एकपासून घर ७६ पर्यंत थंड करून ठेवा, महाग तास सुरू होताच थर्मोस्टॅट ८०-८२ वर न्या, तास संपले की परत ७८. चांगलं उष्णतारोधन असलेल्या घरात हे छान जमतं. फटी असलेल्या जुन्या घरात साठवलेला गारवा तासाभरात निघून जातो. तिथे, आणि घरी लहान बाळ किंवा वृद्ध असतील तिथे, सरसकट दराचा प्लॅन घ्या. भांडी-कपड्यांची यंत्रं, विजेच्या गाडीचं चार्जिंग आणि पोहण्याच्या तलावाचा पंप रात्रीवर टाका.

घरमालकाकडे मागच्या १२ महिन्यांची बिलं मागा. जुलै-ऑगस्टचं बिल फेब्रुवारीच्या दुप्पट-तिप्पट असणं सामान्य आहे. वर्षभर सरासरी रक्कम भरायची सोय दोन्ही कंपन्यांकडे आहे. पहिल्या वर्षी हाताशी फारशी शिल्लक नसेल तर ती घ्या. सुट्टीत भारतात जाताना एसी पूर्ण बंद करू नका, ८५ वर ठेवा. नाहीतर लाकडी कपाटं, चिकटवलेल्या फरश्या आणि फ्रीज यांचं नुकसान होतं.

भाडेकरूचे हक्क

फिनिक्स शहराच्या हद्दीत घरमालकाने एसी असलेलं घर ८२ अंशांपर्यंत आणि कूलर असलेलं ८६ अंशांपर्यंत थंड ठेवता येईल अशी सोय द्यावीच लागते. शेजारच्या शहरांचे नियम वेगळे आहेत. एसी बंद पडला तर फोनवर थांबू नका, लेखी कळवा आणि तारीख-तापमानासह थर्मोस्टॅटचे फोटो ठेवा. राज्याच्या कायद्यानुसार आरोग्याला धोका असलेल्या बिघाडासाठी लेखी नोटिशीनंतर ५ दिवसांची मुदत असते, आणि ती नोटीस दिल्याशिवाय मोजायला सुरुवात होत नाही. अनामत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर सोडून ताबा दिल्यावर आणि मागणी केल्यावर कामकाजाच्या १४ दिवसांत हिशेब मिळायला हवा. १ जानेवारी २०२५ पासून राहत्या घराच्या भाड्यावरचा शहर-कर रद्द झाला आहे. भाडेपावतीत तो दिसला तर विचारा.

पाणी आणि डाळ

नळाचं पाणी सॉल्ट आणि व्हर्डे या नद्यांचं, तसंच सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैल लांब कालव्यातून आलेलं कोलोराडो नदीचं असतं. पिण्याला सुरक्षित आहे, पण फार जड, म्हणजे क्षारांचं. नव्याने आलेल्या घरांत पहिली तक्रार तूरडाळ शिजत नाही ही असते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींतल्या पेक्टिन या घटकाला घट्ट धरतं, म्हणून शिट्ट्या वाढवूनही दाणा कणीदार राहतो. सिंकखाली आरओ बसवा आणि डाळ, राजमा, छोले भिजवायला आणि शिजवायला तेच पाणी वापरा. चहाचीही चव सुधारते. भाड्याच्या घरात आरओ बसवू देत नसतील तर गल्लोगल्ली असलेल्या पाण्याच्या दुकानांतून मोठ्या बाटल्या भरून आणा.

स्वतःच्या घरात पाणी मऊ करणारं यंत्र लावणं फायद्याचं, पण त्यातून आलेल्या पाण्यात सोडियम वाढतं. रक्तदाब असलेल्यांनी ते थेट पिऊ नये, झाडांनाही घालू नये. पाणी तापवण्याच्या टाकीतला क्षार वर्षातून एकदा तळाच्या नळाने काढून टाका. उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तरी कोमट पाणी येतं, आणि अंगणातल्या पाइपमध्ये साठलेलं पाणी कातडी भाजेल इतकं तापतं. मुलांना पाण्यात खेळू देण्याआधी ते पूर्ण वाहू द्या.

गाडी

बॅटरी इथे दोन-तीन वर्षं टिकते, कारण उष्णतेने तिची आतली झीज भराभर होते. बरेचदा पूर्वसूचनाही मिळत नाही, ती एका दुपारी पार्किंगमध्ये बंद पडते. दोन वर्षं झाली की दर मेमध्ये तपासून घ्या, सुट्या भागांची अनेक दुकानं हे फुकट करतात. टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचायला शिका: ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचा टायर इथे धोक्याचा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा.

अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० अंशांच्या वरच्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी १५७ अंश (६९ सेल्सिअस) आणि सुकाणू १२७ अंश मोजला गेला. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ११८ होता. समोरच्या काचेला पडदा लावा, आणि मागच्या आसनावरच्या मुलाच्या पट्ट्याचं धातूचं बक्कल हाताने तपासूनच अडकवा. काचांना काळी फिल्म लावायची तर पुढच्या दोन बाजूंच्या काचांतून किमान ३३ टक्के प्रकाश आत यायला हवा, मागच्यांना मर्यादा नाही. दुसऱ्या राज्यात लावलेली फिल्म इथे चालेलच असं नाही. विमा घेताना काचेचं शून्य वजावटीचं संरक्षण मागा. रस्त्यावरच्या खड्यांनी काचेला टिचका पडतात, आणि उन्हात तो टिचका बघता बघता लांब तडा होतो.

परवाना आणि नोंदणी आल्यावर लगेच करा. व्हिसावर असलेल्यांचा परवाना मुक्कामाच्या मुदतीपुरताच मिळतो. नोंदणीसाठी पाच वर्षांहून जुन्या गाड्यांना धूरचाचणी लागते. परवाना-नोंदणीच्या कामांसाठी अधिकृत खासगी केंद्रांत थोडं जास्त शुल्क देऊन रांग टळते.

अंगाला हवा मानवेपर्यंत

शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. कोरड्या हवेत घाम क्षणात उडतो, त्यामुळे आपल्याला घाम येत नाही असं वाटतं आणि पाणी कमी पडतं. बाहेर असाल तर दर तासाला साधारण एक लिटर धरा. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घटतं. मीठ-साखरेचं लिंबू सरबत, पन्हं किंवा ओआरएस मध्ये मध्ये घ्या. फिरायला पहाटे जा, जूनमध्ये सव्वापाचच्या सुमाराला सूर्य उगवतो. पाणी निम्मं संपलं की परत फिरा. अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या डोंगरांच्या वाटा संध्याकाळी पाचपर्यंत बंद असतात.

माणूस बरळू लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, चालताना तोल गेला, तर तो उष्माघात आहे. ९११ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी आणि बर्फ घाला, पंखा करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आई-वडिलांना बोलवायचं ते ऑक्टोबर ते एप्रिल या काळात. मुलांच्या शाळेच्या सुट्टीचा हिशेब धरून जूनची तिकिटं काढली जातात आणि मग म्हातारी माणसं तीन महिने घरात कोंडून राहतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या औषधांनी आणि बीटा ब्लॉकर्सनी, उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. अनवाणी अंगणात जाण्याची त्यांची सवय इथे घातक आहे. डांबर आणि फरशी दुपारी इतकी तापते की काही सेकंदांत फोड येतात, आणि मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही. टपालाने येणारी औषधं, इन्शुलिन तर नक्कीच, लोखंडी टपालपेटीत दुपारभर राहू देऊ नका. दुकानातून घ्या.

भारताशी बोलायची वेळ पाळणं सोपं आहे. इथे घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे फरक बारा महिने साडेबारा तासांचाच. इथे सकाळचे सात म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात.

पावसाळा: धूळ आणि पूर

१५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला अधिकृत मान्सून. वादळाच्या पुढे धुळीची हजारो फूट उंच भिंत सरकत येते, तिला हबूब म्हणतात. गणेशोत्सव नेमका या काळात येतो. अ‍ॅरिझोनाचं महागणपती मंदिर मॅरिकोपा गावात आहे, आणि तिकडे जाणारा ३४७ क्रमांकाचा रस्ता तसंच टूसॉनकडे जाणारा आय-१० महामार्ग हे दोन्ही मोकळ्या रानातून जातात. निघण्याआधी इशारे पाहा. धुळीत सापडलात तर:

- भिंत अजून लांब असेल तर पुढच्या निर्गमावर बाहेर पडा.
- सापडलातच तर रस्त्याच्या डांबरापासून शक्य तितकं दूर, उजवीकडे जाऊन थांबा.
- सगळे दिवे बंद करा, धोक्याचे लुकलुकणारेसुद्धा. हातब्रेक ओढा आणि पायाच्या ब्रेकवरून पाय काढा. मागून येणारा चालक लाल दिवा पाहून तुम्ही रस्त्यावरच आहात असं समजतो आणि येऊन धडकतो.
- पट्टा बांधून धूळ ओसरेपर्यंत थांबा.

कोरडे ओढे रस्ता ओलांडतात तिथे पाऊस मैलोन्‌मैल लांब पडला तरी पाणी येतं. अडथळे लावलेल्या रस्त्यात गाडी घातली आणि अडकलात, तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो. घराच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान नसतं. वादळात वीज जाते, म्हणून माणशी दिवसाला चार लिटर पाणी, भरलेली पॉवर बँक आणि वेगळ्या भागात राहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या घरी जाण्याची बोलणी आधीच करून ठेवा. शहराची थंड निवारा केंद्रं कुठे आहेत ते २११ वर कळतं.

विंचू आणि व्हॅली फीवर

इथला बार्क विंचू फिकट पिवळा, भिंत आणि छतावर चढणारा. दारांखाली रबरी पट्ट्या लावा, पाळणा आणि पलंग भिंतीपासून दूर ओढा, बूट झटकून घाला. रात्री अतिनील टॉर्च मारला की तो हिरवट चमकतो. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. बार्क विंचवाचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर काम करतं. तेव्हा भारतातून आणलेल्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. मोठ्यांना बहुधा काही तास तीव्र वेदना आणि मुंग्या येतात. लहान मुलाचे डोळे भिरभिरू लागले, लाळ गळू लागली, हातपाय झटके देऊ लागले, तर ९११. या विषावरचं औषध २०११ पासून मान्यताप्राप्त आहे.

व्हॅली फीवर मातीतल्या बुरशीने होतो. धुळीतून तिचे कण फुफ्फुसात जातात. अनेकांना लक्षणं येतच नाहीत. काहींना आठवडेच्या आठवडे खोकला, ताप आणि गळून गेल्यासारखा थकवा येतो. तो माणसाकडून माणसाला होत नाही. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका जास्त. लांबलेल्या खोकल्यात डॉक्टरांकडे याची रक्ततपासणी स्वतःहून मागा. भारतात गेल्यावर छातीच्या एक्स-रेत डाग किंवा गाठ दिसली तर तिकडे आधी क्षयाची शंका घेतली जाते. तुम्ही अ‍ॅरिझोनात राहता हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घर विकत घेत असाल तर

पहिलं वर्ष भाड्याने काढा. त्यानंतर घेताना वाळवी आणि कौलांखालच्या आवरणाची तपासणी करा. कौलं अर्धं शतक टिकतात, त्यांखालचं आवरण २०-२५ वर्षांत सुकून फाटतं आणि ते बदलणं मोठं काम असतं. तलाव असेल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर पाच फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं फाटक बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते आधी करा, मग सामान लावा. छतावरचे सौर पॅनेल भाड्याचे आहेत की मालकीचे ते कागदावर पाहा. भाड्याचा करार तुमच्या गळ्यात येतो.

शहराच्या कडेला नवं, स्वस्त घर दिसलं की पाणी कुठून येतं ते विचारा. स्कॉट्सडेलने १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्स वस्तीला टँकरचं पाणी देणं थांबवलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना परवानगी देणं थांबवल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहराच्या नळजोडणीवरचं घर यात सुरक्षित.

तुळस, कढीपत्ता, कोथिंबीर

तुळशीला आपल्याकडे भरपूर ऊन देतात, इथे दुपारचं ऊन तिला जाळतं. कुंडी पूर्वेला ठेवा, मे ते सप्टेंबर ३०-५० टक्के सावलीचं कापड लावा आणि कुंडी फिकट रंगाची घ्या, काळ्या प्लास्टिकमध्ये मुळं शिजतात. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा गोठणबिंदूजवळ जातो, तेव्हा तुळस आणि कढीपत्ता आत घ्या. मेथी, कोथिंबीर, पालक ऑक्टोबरमध्ये पेरा, टोमॅटोची रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पहाटे खोल पाणी द्या. जड पाण्यामुळे मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी घालून तो क्षार धुऊन काढा.